दिवा लागण्याच्या आधी

टो करून आणलेली गाडी गॅरेजमध्ये शिरते तेव्हा निदान आधीच ठरलेलं असतं. "मिस्त्री, ऑईल पंप गेलाय." कराडला हायवेलगत गॅरेज चालवताना हे वाक्य मी वडापवाल्यांकडून ऐकलं, उसाच्या हंगामात कारखान्यावर खेपा मारणाऱ्यांकडून ऐकलं, पुण्याला नोकरी करणाऱ्या आणि गणपतीला गावी निघालेल्या पोरांकडूनही ऐकलं. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र उजळलं, इंजिनातून ठोका यायला लागला, रस्त्यात कुणी जाणकार भेटला आणि त्यानं सांगून टाकलं. मग उरतो तो फक्त पैशांचा प्रश्न. "नवा टाका. किती होतील?"

पंप खरोखर गेलाय अशा गाड्या थोड्या. इतकी वर्षं इंजिनं उघडून माझं मत पक्कं झालंय : इंजिनात सगळ्यात कमी बिघडणारा आणि सगळ्यात जास्त दोष खाणारा भाग म्हणजे ऑईल पंप. तो सतत ऑईलमध्येच फिरत असल्यामुळे त्याची झीज फार सावकाश होते. बहुतेक वेळा त्याच्याकडे यायला हवं ते ऑईल येत नसतं, नाहीतर त्यानं पुढे पाठवलेलं ऑईल वाटेतच सांडत असतं. नवा पंप बसवला तरी या दोन्हींतलं काही सुटत नाही. गिऱ्हाईक हजारो रुपये मोजतं, दिवा दोन दिवस विझतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लागतो.

हातात घेतला तर पंप अगदी साधा दिसतो. जुन्या इंजिनांत दोन दातेरी गियर एकमेकांत अडकून फिरत, आणि दात्यांच्या खाचांत ऑईल भरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाई. पंपाला फिरवायला कॅमशाफ्टवर तिरक्या दात्यांचा गियर असे. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तोच दांडा वर डिस्ट्रिब्युटरलाही फिरवायचा. आताच्या छोट्या गाड्यांत बहुधा रोटर पंप असतो. आत एक चाक, बाहेर एक कडं. आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा एक पाकळी कमी. दोघांचे मध्य जरा सरकलेले, त्यामुळे फिरताना त्यांच्यामधली पोकळी एका बाजूला मोठी होते आणि ऑईल ओढते, दुसऱ्या बाजूला आक्रसते आणि ऑईल ढकलते. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात हा पंप थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो. त्यामुळे इंजिन सुरू तर पंप सुरू, मध्ये चेन नाही की पट्टा नाही. मात्र तो काढायचा म्हटलं, की क्रँकपुली, टायमिंग बेल्ट, खालचा चेंबर, सगळं उतरवावं लागतं. पंपाची किंमत एक आणि तिथवर पोचायची मजुरी दुसरी. म्हणूनच त्याला हात लावण्याआधी खात्री करून घ्यावी असं मी म्हणतो.

आमच्या मळ्यात विहिरीवर लिस्टर पद्धतीचं डिझेल इंजिन होतं. ते मिनिटाला सहा-साडेसहाशे फेरे घ्यायचं. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या तळाला एक पळी होती. प्रत्येक फेऱ्याला ती खालच्या ऑईलमध्ये बुडायची आणि सगळीकडे शिंतोडे उडवायची. तेवढ्यावर बेअरिंगांचं भागायचं. मोटारीचं इंजिन चार-पाच हजारांवर फिरतं, तिथे शिंतोड्यांचं काम नाही. क्रँकच्या पोटातून आरपार भोकं पाडून प्रत्येक बेअरिंगला ऑईल पोचवावं लागतं, आणि ते सतत, एका क्षणाचाही खंड न पडता. चेंबरमधलं तीन-साडेतीन लिटर ऑईल मिनिटात कित्येकदा फेरी मारून परत येतं.

पंप प्रेशर तयार करतो, असं सगळेच बोलतात. मीही बोलतो. पण माझे वस्ताद, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आमच्या गॅरेजमध्ये बसायला येणारे, दर वेळी अडवायचे. "पंप ऑईल ढकलतो. प्रेशर बेअरिंग तयार करतं." अंगणात झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, की धार लांब जाते. पाणी तेवढंच, मोटार तीच. इंजिनातला अंगठा म्हणजे क्रँक आणि शेल बेअरिंग यांच्यामधली फट. ती असते एका मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांश, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. ही फट झिजून दुप्पट झाली, की तिच्यातून निसटणारं ऑईल दुपटीनं नाही, जवळपास आठपटीनं वाढतं. त्याला कुठला पंप पुरा पडणार?

पुढे आयटीआयत शिकवणाऱ्या एका सरांनी मला एक जुना प्रयोग वाचायला दिला. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बोशाम्प टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर काम करत होते. फिरत्या बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी ऑईल घालण्यासाठी भोक पाडलं, तर ऑईल आत जाण्याऐवजी भोकातूनच वर यायला लागलं. त्यांनी लाकडी बूच ठोकलं, तर तेही बाहेर फेकलं गेलं. मग गेज लावला. काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंड दाखवून टोकाला जाऊन टेकला. बेअरिंगवर जो भार होता त्याच्या सरासरीहून हे कितीतरी जास्त होतं, आणि तिथे तर कुठला पंपही नव्हता. फिरणारा दांडा स्वतःच ऑईल ओढून चिंचोळ्या फटीत कोंबतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. हे वाचलं आणि वस्तादांचं बोलणं मला नीट उमगलं. क्रँकचा भार पंप उचलत नाही. तो थर उचलतो. थरातून जेवढं ऑईल कडेनं गळून जातं, तेवढं पुन्हा भरत राहणं हे पंपाचं काम. पुरवठा तुटला की थर फाटतो, लोखंड मऊ धातूला घासतं, आणि मग काही सेकंदांत बेअरिंग चाटलं जातं.

आता त्या लाल दिव्याबद्दल. लोक त्याला ऑईल कमी झाल्याचा दिवा समजतात. पट्टी ओढून बघतात, ऑईल बरोबर दिसतं, मग म्हणतात सेन्सर बिघडला असेल, चला पुढे. तो दिवा लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे. ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो. प्रेशर अर्ध्या किलोच्याही खाली आलं, की बहुतेक गाड्यांत तो दिवा लावतो (गॅरेजच्या बोलीत किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो). चालत्या गाडीत गरम इंजिनाला तीन हजार फेऱ्यांवर तीन-चार किलो हवेत. म्हणजे चारावरून तीनवर, दोनवर, एकावर येईपर्यंत दिवा गप्प बसतो. तो लागतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं. जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर काटा असायचा, तेव्हाच्या ड्रायव्हरला रोज दिसायचं की आज घाट चढताना काटा जरा खाली राहिला. काटा गेला आणि दिवा आला हे मला मनापासून खटकतं. कारखान्यांचे चार पैसे वाचले असतील, पण ड्रायव्हरच्या हातातली पूर्वसूचना गेली.

म्हणून गेज. माझ्याकडे वस्तादांनी दिलेला आहे, गोल तबकडीचा, लांब नळीचा, टोकाला पितळी निप्पल. इंजिन पंखा सुरू होईपर्यंत गरम करायचं, बंद करायचं, ऑईलची लेव्हल बघायची, स्विच काढायचा, त्याच भोकात गेज बसवायचा. आधी आयडलला वाचायचं, मग तीन हजारांवर. इंजिन थंड असतानाचा आकडाही टिपून ठेवलेला बरा. काटा थोडक्यात बरंच काही सांगतो.

गरम इंजिन आयडलला कमी दाखवतं आणि रेस दिली की बऱ्यापैकी वर जातं, तर शंका बेअरिंगांवर. फट वाढलीय, हळू फिरताना पंप कमी पडतो, जोरात फिरताना भरून काढतो. उलट आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर काटा डळमळतो किंवा खाली येतो, तर शंका सक्शनवर. पंपाला ओढायला ऑईल मिळत नाहीये, किंवा ऑईलबरोबर हवा येतेय. थंड असो वा गरम, रेस कितीही द्या, काटा एका कमी आकड्यावर अडकून बसतो, तर रिलीफ व्हॉल्व्ह बघायचा. हा स्प्रिंग आणि छोट्या दट्ट्याचा व्हॉल्व्ह. थंडीत ऑईल घट्ट असतं, प्रेशर मर्यादेबाहेर जायला लागतं, तेव्हा हा उघडतो आणि जादा ऑईल परत सोडतो. दट्ट्याखाली कचऱ्याचा एक कण अडकला की तो उघडाच राहतो. उलट तो बंद अवस्थेत अडकला तर थंड इंजिनात फिल्टरची रबरी वायसर फाटून बाहेर येते. आणि गेज चांगलं प्रेशर दाखवतोय, दिवा मात्र पेटलेलाच, तर स्विच बदला आणि घरी जा.

कोयनेच्या वरच्या अंगाला, कुंभार्ली घाटातून चिपळूणला वडाप करणारा एक जण यायचा. त्याची तक्रार अशी, की दिवा सगळीकडे लागत नाही, फक्त वळणावर लुकलुकतो. "सरळ रस्त्याला काय न्हाय दादा. वळण घेतलं की डोळा मारतोय." कुणीतरी त्याला वायरिंग बदलायला सांगितलेलं. पट्टीवर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली होतं. सपाटीला ते जेमतेम पंपाच्या सक्शन नळीच्या तोंडावरच्या जाळीला टेकत होतं. चढावर, वळणावर सगळं ऑईल एका अंगाला सरकायचं, जाळी उघडी पडायची आणि पंप हवा ओढायचा. दीड लिटर ऑईल घातलं, गाडी कुठून गळते ते शोधलं, काम झालं. त्यानं आणखी महिनाभर ते अंगावर काढलं असतं तर क्रँक ग्राइंड करावा लागला असता. ऑईल जास्त घालणंही तितकंच वाईट, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं की क्रँक त्यात आपटतो, ऑईल घुसळून फेस होतो, आणि फेसात अर्धी हवाच असते.

ज्या कामानं मला सगळ्यात जास्त शिकवलं, ते नदीपलीकडच्या एका काकांच्या डिझेल गाडीचं. दुसरीकडे इंजिन ओव्हरऑल करून आणलेलं, शेल बेअरिंग नवी, पंप नवा. गाडी सकाळी सुरू करावी तर प्रेशर उत्तम. हायवेला लागावं, अर्ध्या तासानं दिवा लागावा. घाबरून थांबावं, चहा प्यावा, पुन्हा सुरू करावी तर दिवा गायब. मग दहा-पंधरा किलोमीटरवर परत तेच. त्यांनी पंप पुन्हा बदलून घेतला होता. स्विच बदलला, फिल्टर बदलला. "मिस्त्री, ह्या इंजिनाला करणीच झालीया बघा," म्हणाले.

थांबलं की बरं होतं, हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटली. झिजलेलं बेअरिंग चहा पिऊन येईपर्यंत भरून येत नाही. गेज लावून गाडी गॅरेजमध्येच बराच वेळ वाढीव आयडलला चालवली. काटा साडेतीनवरून हळूहळू उतरायला लागला, डळमळायला लागला. इंजिन बंद केलं, पाच मिनिटांनी सुरू केलं, काटा पुन्हा साडेतीनवर. मी पंपाला हातच लावला नाही, चेंबर उतरवला. सक्शनच्या जाळीभोवती सिलिकॉन सीलंटचे लांब लांब तुकडे पडले होते. चेंबर बसवताना सीलंटचा जाड पट्टा मारलेला, बोल्ट आवळल्यावर जेवढा बाहेर आला तेवढाच आतही आला. आतला सुटला आणि ऑईलमध्ये फिरायला लागला. पंप ओढायला लागला की तुकडे जाळीला चिकटायचे, पंप थांबला की गळून खाली पडायचे.

जाळी धुतली, चेंबर खरडून साफ केला, कडेला बारीक रेघ मारून बसवला. काकांच्या इंजिनातला नवाकोरा दुसरा पंप तसाच चांगला होता. पहिलाही चांगलाच असणार. तेव्हापासून पोरांना शिकवताना मी सीलंटच्या ट्यूबपासूनच सुरुवात करतो. रेघ दोन-तीन मिलिमीटरची, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, जुना सीलंट ब्लेडनं पूर्ण काढून, पत्रा पुसून कोरडा करून. जास्त लावलं म्हणजे पक्कं बसलं, हा समज इंजिनांचा जीव घेतो. गॅरेजच्या कामात दिसायला किरकोळ आणि परिणामाला इतकं मोठं दुसरं काम मला माहीत नाही.

सक्शनची दुसरी नेहमीची भानगड म्हणजे चेपलेला चेंबर. शेताच्या रस्त्याला दगड लागतो, पत्र्याला खळगा पडतो, गळत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण जाळी चेंबरच्या तळापासून थोडीशीच वर असते. तळ आत आला की जाळीचं तोंडच मिटतं. गाडी हळू चालवली तर ठीक, जोरात पळवली की दिवा. सक्शनच्या नळीची ओ-रिंग कडक होऊन चिरली तरी असाच त्रास होतो, तिथून हवा शिरते. ओ-रिंग बसवताना तिला ऑईल लावायचं विसरलं, की ती दुमडते आणि पहिल्याच दिवसापासून हवा ओढते.

गाळाचंही सांगितलं पाहिजे. डिझेल इंजिनाचं ऑईल लवकर काळं पडतं, ते काजळी धरून ठेवतंय म्हणून. नुसत्या काळेपणाला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते टॅपेट कव्हर उघडल्यावर भिंतींना चिकटलेल्या डांबरी थराला. ऑईल बदलायला वर्षानुवर्षं टाळाटाळ, रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंत जाऊन येणं, इंजिन धड गरमच न होणं, यातून तो साठतो. अशा इंजिनात फ्लश घालून चालवावं असं बरेच जण सुचवतात, काही जण तर डिझेल ओततात. मी करत नाही. वरचा सगळा गाळ एकदम सुटून खाली येतो आणि जाळीवरच बसतो. चेंबर उतरवायचा, हातानं पुसायचा, जाळी धुवायची, नवं ऑईल घालायचं आणि पुढची दोन ऑईल थोड्या थोड्या किलोमीटरला बदलायची. वेळ लागतो, पण इंजिन वाचतं.

मग पंप खरा जातो तरी कधी? इंजिनातल्या इतर सगळ्या भागांना फिल्टरमधून गेलेलं ऑईल मिळतं. पंप फिल्टरच्या आधी बसतो, त्याला गाळलेलं ऑईल कधीच मिळत नाही. त्याच्यापुढे फक्त ती लोखंडी जाळी, आणि जाळीतून बारीक कण सहज जातात. हे मी सगळ्यात स्पष्ट पाहिलं ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर. कृष्णा-कोयनेच्या काठच्या आणि खाली सांगली भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी घरं धुतली, मग गाड्या. बाहेरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते. काहींनी किल्ली फिरवून पाहिली, काहींच्या गाड्या सुरूही झाल्या.

त्या गाड्या नंतर महिना-दीड महिन्यानं यायला लागल्या. ऑईल बदललेलं असायचं, तरी दिवा लागायचा. पंप उघडला की कव्हरवर गोल गोल ओरखडे, रोटरच्या अंगावर ओरखडे, बोट फिरवलं तरी लागतील असे. पुराचा गाळ म्हणजे बारीक वाळूच. तो ऑईलबरोबर पंपातून गेला आणि त्यानं घासलं. अशा वेळी मी मोजतो. पंपाच्या तोंडावर सरळ धारेची पोलादी पट्टी आडवी ठेवायची आणि तिच्या खाली रोटरपर्यंत फिलर गेजचं पान सरकवायचं. नव्या पंपात ही फट एका मिलिमीटरच्या तीन ते नऊ शतांशांच्या आसपास. पंधरा शतांशांच्या पुढे गेली की बहुतेक पंप बाद. पक्की मर्यादा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच धरायची. बाहेरचं कडं आणि बॉडी यांच्यामधली फट, दोन पाकळ्यांच्या टोकांमधली फट, सगळं मोजायचं. फटी वाढल्या की ऑईल पुढे जाण्याऐवजी पंपातच मागे फिरतं. ज्यांनी स्टार्टर न मारता गाडी तशीच टो करून आणली, आम्ही ऑईल काढलं, चेंबर उतरवला, आतून धुतलं, त्यांचे पंप आजही तेच आहेत. पुरात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका, एवढं मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगत होतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा निदान आमच्या ओळखीच्या लोकांनी तरी ते ऐकलं.

पंप बदलला किंवा नुसता उघडून बसवला, तरी पुढचं काम नाजूक. कोरडा पंप ऑईल ओढत नाही, आतली हवाच घुसळत राहतो. त्यामुळे रोटर बसवतानाच आतल्या पोकळीत ऑईल भरायचं किंवा पेट्रोलियम जेली. ती गरम ऑईलमध्ये विरघळून जाते. चाकाला लावायचं ग्रीस मात्र नको, ते विरघळत नाही आणि बारीक वाटा बुजवतं. फिल्टर उभा बसत असेल तर ऑईलनं भरून लावायचा. मग पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून, इंजेक्टरची वायर काढून, डिझेलचं इंधन तोडून, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवायचं, थोडं फिरवायचं, स्टार्टरला विसावा द्यायचा, पुन्हा फिरवायचं. गेजचा काटा उठला की मगच इंजिन चालू करायचं. नव्या बेअरिंगांचं आयुष्य या पाच मिनिटांवर अवलंबून असतं. घाईतल्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पाच मिनिटं वाचवली जातात.

जुना फिल्टर फेकण्याआधी मी तो कापून बघतो. कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरल्या, की चमचमणारे कण दिसतात का ते कळतं. करडे मऊ कण म्हणजे बेअरिंगचा वरचा थर. तांबूस दिसायला लागले म्हणजे वरचा थर संपून खालचा तांब्याचा उघडा पडला, आता इंजिन उघडायला उशीर नको. गिऱ्हाइकाला समोर उभं करून हे दाखवलं, की वाद होत नाही. काढलेलं जळकं ऑईल बरेच लोक सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागतात, काही जण गटारात सोडून मोकळे होतात. आमच्या गावात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, गटार शेवटी तिथेच जातं. मी ड्रममध्ये साठवतो आणि शुद्धीकरणासाठी नेणाऱ्या परवानाधारकालाच देतो.

अलीकडच्या इंजिनांत पंपही हुशार झालेत. गरज असेल तेवढंच ऑईल देणारे, कॉम्प्युटरच्या हुकमावर प्रेशर कमी-जास्त करणारे. ऑईलही पातळ झालंय. पूर्वी सर्रास २०डब्ल्यू-४० घालायचो, आता ५डब्ल्यू-३०, काही गाड्यांना ०डब्ल्यू-२०. जुने ड्रायव्हर पातळ ऑईल बघून नाराज होतात, घट्ट घाला म्हणतात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घालावं. फटी आणि पंप त्या ऑईलसाठीच मापलेले असतात, घट्ट ऑईल थंड इंजिनात वरच्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लावतं. झिजलेल्या इंजिनात घट्ट ऑईल घालून दिवा विझवणं हा गाडी विकणाऱ्यांचा जुना धंदा आहे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानं इंजिन चांगलं गरम झाल्यावर गेज लावून प्रेशर बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाडी चालवणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. किल्ली पहिल्या खटक्याला आणली की तो लाल दिवा लागतो का ते रोज बघा. लागत नसेल तर दिवा किंवा वायर गेलीय आणि संकटात तुम्हाला कुणी सांगणार नाही. इंजिन सुरू झाल्यावर तो दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. दर पंधरवड्याला सपाट जागी पट्टी ओढा. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल तेव्हा ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. दिवा चालत्या गाडीत लागला तर सांभाळून रस्त्याच्या कडेला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी चालवत नेऊ नका, टो करा. टोचं भाडं क्रँकच्या कामापुढे काहीच नाही.

आणि गॅरेजमध्ये पोचल्यावर कुणी पंप बदलायला सांगितलं, तर आधी गेज लावून आकडा दाखवायला सांगा. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. जो मिस्त्री तेवढा वेळ द्यायला तयार नाही, त्याला इंजिन उघडू देऊ नका.